हृदय किती दिवस लागेल

“आणि हृदय कोणी आखलं?” बिरजेबाईंनी विचारलं.

“संगणकाने, मॅडम,” डॉक्टर ऋत्विज राजोपाध्ये म्हणाला.

“आणि गाठ?”

“गाठ मी आखली. हाताने. एकेका चित्रावर.”

बाई पडद्याकडे बघत राहिल्या…

आमच्या कर्करोग रुग्णालयात किरणोपचार सुरू करण्याआधी हे काम असतं. डॉक्टरांनी स्कॅनच्या प्रत्येक चित्रावर गाठ आखायची आणि तिच्या शेजारचे जपायचे अवयवही आखायचे. मग मी, म्हणजे इथला फिजिसिस्ट, किरण कुठल्या बाजूने किती सोडायचे ते मांडतो. शेवटी बाई बघतात आणि त्यांची सही झाली की मशीन सुरू. बाई इथल्या सगळ्यांत वरिष्ठ डॉक्टर, या विभागात अठ्ठावीस वर्षं आहेत. ऋत्विज पुण्याहून सुवर्णपदक घेऊन आला, त्याला चार महिने झाले होते. पोरगा हुशार होता यात वाद नाही. पण ते आम्हाला रोज कळावं अशी त्याची फार इच्छा असे.

रुग्ण होते रायगोंडा मगदूम. वय एकसष्ट. उभा जन्म गुऱ्हाळावर गेलेला, पंचक्रोशीतले नावाजलेले गुळवे. डाव्या फुफ्फुसात खाली गाठ, हृदयाला अगदी खेटून. तीस दिवस किरण द्यायचे होते.

ऋत्विजने तक्ता पुढे केला. हृदयाला जाणारी सरासरी मात्रा मर्यादेच्या आत होती. सगळे आकडे हिरवे.

बाईंनी चित्रं एकेक करून सरकवली आणि एकावर थांबल्या. हृदयालाच रक्त पुरवणारी जी रक्तवाहिनी त्याच्या पुढून खाली उतरते, नेमका तिच्यावरून किरणांचा जाड पट्टा गेला होता. बाकीचं हृदय कोरडं होतं, म्हणून सरासरी छान आली होती. संगणकाने ती वाहिनी वेगळी आखली नव्हती, कारण त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. मलाही ते दिसायला हवं होतं. मी मान खाली घातली.

ऋत्विजने मात्र घातली नाही.

“हृदयाचा त्रास दिसायला आठ-दहा वर्षं लागतात, मॅडम. हा तिसऱ्या टप्प्यातला आजार आहे. तेवढी वर्षं हे कुठून आणणार?”

बाईंनी एक कोरा कागद ओढला आणि त्यावर आपल्या ठसठशीत अक्षरात लिहिलं. मग कागद आणि पेन त्याच्यापुढे सरकवलं.

त्यावर लिहिलं होतं: ‘रायगोंडा मगदूम यांना आपलं हृदय या तारखेपर्यंत लागेल.’ खाली तारखेसाठी एक रेघ. तिच्या खाली सहीसाठी दुसरी.

“भर,” बाई म्हणाल्या. “मग याच प्लॅनवर मी सही करते.”

ऋत्विज हसला. बाई हसल्या नाहीत. त्याने पेन उचललं, रेघेवर टेकवलं… आणि परत ठेवलं.

“हे कसं लिहिणार, मॅडम?”

“तू ठरवलं आहेस. फक्त लिहिलं नाहीस.”

मला त्याची दया आली, खोटं कशाला बोलू. त्याचे कान लाल झाले होते. बाईंनी शांतपणे सांगितलं की तारीख येत नसेल, तर ज्याचं हृदय आहे तो बाहेर बाकावर बसला आहे, त्याला भेटून ये.

तो गेला. रुग्णाला वेळा समजावून सांगायच्या होत्या, म्हणून मीही गेलो.

रायगोंडाकाका टोपी मांडीवर घेऊन बसले होते. ऋत्विजने पहिल्यांदाच त्यांच्या शेजारी बसून चौकशी केली. काकांनी आधी गुऱ्हाळाचंच सांगितलं. दिवाळीनंतर हंगाम सुरू होतो, काहिलीतला पाक कधी उतरवायचा ते थोरल्या लेकाला अजून नीट उमगत नाही, निदान यंदा तरी शेजारी उभं राहायला हवं. ऋत्विजने विचारलं, जिना चढताना काय होतं? काकांनी हाताने छातीचा मध्य दाबून दाखवला. दम लागतो तो वेगळा, म्हणाले, हे जरा आवळल्यागत होतं.

“त्याला औषध नाही का दिलं कोणी?”

“हाय की. तालुक्याच्या डाक्टरनं तीन वर्सांमागं गोळ्या लावल्यात्या. बंद केल्या मी.”

“का?”

काकांनी त्याच्याकडे नवलाने पाहिलं. एवढ्या शिकलेल्या माणसाला एवढंही कळू नये, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

“एवढा मोठा रोग आल्यावर त्या बारक्या गोळीचं काय घिऊन बसायचं, डाक्टर?”

परत येताना तो मला म्हणाला, “त्यांनी गोळी सोडली, आणि मी…” पुढचं वाक्य त्याने पुरं केलं नाही. मीही करून दिलं नाही.

त्याच दुपारी त्याने काकांना हृदयरोगतज्ज्ञांकडे नेलं, स्वतः सोबत जाऊन. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. मग तो माझ्याजवळ येऊन बसला आणि हृदय आखू लागला. हाताने, एकेका चित्रावर. ती रक्तवाहिनी त्याने वेगळ्या रंगात, वरपासून खालपर्यंत आखली. पहिल्या खेपेला हृदय वाचलं, पण गाठीची एक कड उपाशी राहिली. दुसऱ्या खेपेला उजव्या फुफ्फुसावर फार भार आला. तिसऱ्या दिवशी आम्ही किरणांच्या दिशाच बदलल्या आणि जमलं. गाठीला पूर्ण मात्रा, वाहिनीवर पहिल्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. या खेपेला हिरवे आकडे दाखवायला तो बाईंकडे धावला नाही; ती वाहिनी पुन्हा एकेका चित्रावर तपासत बसला.

बाईंनी प्लॅन सावकाश पाहिला. त्या चित्रावर परत थांबल्या. मग सही केली.

ऋत्विज मात्र जागचा हलला नाही. त्याने खिशातून तो कागद काढला. घडी पडून पडून मऊ झाला होता. दोन्ही रेघा कोऱ्या होत्या.

“मॅडम, एवढं करूनही ते जगतील का? हंगामापर्यंत तरी? काल त्यांनी मला विचारलं. मला तारीख सांगता आली नाही.”

बाईंनी कागद टेबलावर सरळ केला. पेनाचं टोपण काढलं आणि पेन त्याच्या हातात दिलं…

“तारीख राहू दे,” त्या म्हणाल्या. “त्यांना हृदय लागेल, एवढ्यावर सही कर.”