शेवटच्या सीझनचे रविवार

“आणि ही सगळी मंडळी उडतात?” तात्याबुवांनी विचारलं.

“सगळी नाही, बुवा. दोघंच उडतात.”

आमच्या नदीकाठच्या मठात लोक पोरीच्या लग्नाचं, नाहीतर शेताच्या बांधाचं गाऱ्हाणं घेऊन येतात. निरंजन चौगुले त्या दुपारी अचाट शक्तीच्या माणसांची परदेशी मालिका घेऊन आला. मला हसू आवरेना. खरं सांगतो, हा गृहस्थ मला कधीच आवडला नव्हता. शाळेत विज्ञान शिकवतो, आणि मठात आला की बुवांच्या निरूपणातल्या चुका काढतो. त्या दिवशी मात्र मान वर करत नव्हता.

त्याचा धाकटा भाऊ हेमू आणि तो, दोघं आठ वर्षं ही मालिका बघत आले होते. दर रविवारी इचलकरंजीला हेमूच्या घरी, एक भाग. एकानं दुसऱ्याला सोडून बघायचं नाही, असं ठरलेलं. यंदा शेवटचा सीझन लागला आणि हेमूनं अंथरूण धरलं. रक्ताचा आजार.

निरंजन या मालिकेच्या चाहत्यांचा एक ग्रुप चालवतो. चारशे माणसं. नवा भाग शुक्रवारी येतो, आणि जो आधी लिहील त्याचा तिथं मान. म्हणून हा शुक्रवारी पहाटेच भाग बघायचा, कोण मेलं, कोण फितूर निघालं, सगळं लिहून मोकळा व्हायचा. मग रविवारी भावाच्या खाटेशेजारी बसून तोच भाग पुन्हा बघायचा.

“पहिल्यांदा बघितल्यासारखा?”

“हो. दचकायचो. तोंडावर हात घ्यायचो.”

“आणि हेमू?”

“तोही दचकायचा, बुवा...”

गेल्या आठवड्यात त्याचं बिंग फुटलं, तेही त्याच्यापुरतंच. ग्रुपमधला मेसेज कोणकोण वाचतं, ती यादी त्यानं सहज उघडली. मान मोजायला उघडली असणार, दुसरं काय. यादीत हेमूचं नाव होतं. आठ वर्षांपूर्वी यानंच त्याला ग्रुपात घेतलं होतं. पोरगा कधी एक अक्षर लिहीत नाही, म्हणून हा विसरून गेला. नऊ शुक्रवार, नऊ मेसेज, आणि नऊच्या नऊ हेमूनं त्या त्या शुक्रवारीच वाचलेले.

“मला तोंड दाखवायला जागा नाही,” निरंजन म्हणाला. “त्याला सगळं आधीच ठाऊक असायचं. मी दचकलो की तो माझ्याबरोबर दचकायचा. मला वाईट वाटू नये म्हणून...”



बुवांनी विचारलं, इचलकरंजी कुठल्या अंगाला. निरंजननं चिंचेपलीकडे बोट दाखवलं. बुवा खांबाला धरून कसेबसे उठले, तिकडे वळले आणि त्यांनी हात जोडले. मोठमोठे महाराज आले तरी गुडघ्यांचं कारण सांगून बसून राहणारा हा माणूस. मीही गडबडीनं उभा राहिलो.

“बुवा, तो देवसुद्धा मानत नाही,” निरंजन पुटपुटला.

बुवा सावकाश खाली बसले.

येत्या रविवारी शेवटचा भाग. या वेळी आपण तो आधी बघितलेला नाही, असं निरंजननं दोनदा सांगितलं. डॉक्टरांनी पंधरा दिवस दिले होते, फार तर वीस. कबूल करून माफी मागावी तर हेमूचा शेवटचा रविवार नासतो. न मागावी तर यानं जन्मभर काय करायचं?

“डॉक्टरांचं हेमूला सांगितलंय?”

“नाही. घरात कुणी शब्द काढायचा नाही, असं ठरलंय. त्याला वाटतंय, तो बरा होतोय. परवा मला म्हणाला, दादा, दिवाळीत पहिल्या भागापासून परत बघू.”

“कसं म्हणाला?”

निरंजननं सांगायला तोंड उघडलं, आणि थांबला. त्याचा चेहरा उतरत गेला. मघाशी आपण हसलो होतो, याची मला शरम वाटली.

“अगदी खरं वाटेल असं म्हणाला, बुवा... दचकायचा, तसंच.”

बुवांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

“फार दिवस नाटक करतंय ते पोर. आता त्याला जरा विसावा दे.”