बोटभर जागा

माणसं दुपारी डुलकी काढायची आणि तेवढ्यात घरातल्या वस्तू आपसात बोलून घ्यायच्या, त्या काळची ही गोष्ट.

एका जुन्या घरात मधली मातीची भिंत होती. एकीकडे जात्याची घरघर, दुसरीकडे पाळण्याची कुरकुर ऐकत ती पेंगत उभी असे. एक दिवस गवंड्याने वर आडवी तुळई घालून भिंतीत दारापुरती वाट पाडली आणि नवी सागवानी चौकट तिला टेकवून तो जेवायला गेला.

चौकट म्हणाली, "आमच्यात आधी चौकट उभी राहते. तिला हळदकुंकू लागतं, मग भिंत तिच्या अंगाला धरून वर चढते. तू तर कलली आहेस. सरळ हो आणि मला चिकटून बस. फट दिसली तर लोक हसतील."

भिंतीला ते लागलं. पाळण्याकडे कान देता देता ती खरंच तिकडे झुकली होती. तिने अंग ताणलं. तुळई करकरली, माती भुरुभुरु गळाली, पाळण्यातलं बाळ दचकून रडू लागलं.

भिंत थिजली. "बाई, मी सरळ झाले तर घर खाली येईल."

चौकट बराच वेळ ते रडणं ऐकत राहिली. मग म्हणाली, "राहू दे. तू तशीच राहा, मी माझी सरळ उभी राहते. मध्ये बोटभर जागा असू दे."

गवंड्याने त्या जागेत पाचरी ठोकून चुना भरला.

दुसऱ्या दिवशी पहाटे बाळ चाळवलं. जात्यावरची आईची ओवी दारातून पाळण्यापर्यंत गेली आणि ते पुन्हा झोपलं. आजवर ती ओवी भिंतीतच मुरून जात असे.