थकव्याचं माप

"पण सर, प्रत्येक प्रश्नाला 'कधीच नाही' असं उत्तर देणारा माणूस सोमवारी दवाखान्याला कुलूप ठोकून निघून कसा जातो?"

याच प्रश्नानं केतकीचा रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता.

अण्णा हेर्लेकर मांडीवर सूप घेऊन बेदाण्यांचे देठ काढत राहिले. उभी हयात त्यांनी तासगावात फॅमिली डॉक्टरकी केली होती. केतकी त्यांच्याच हाताखाली शिकलेली.

गावातल्या फॅमिली डॉक्टरांचा थकवा मोजायचं तिनं मनावर घेतलं होतं. प्रश्न साधे. सकाळी दवाखान्यात जाणं नको वाटतं का? पेशंट आला की कपाळाला आठी पडते का? रोज, कधीकधी, की कधीच नाही? त्यात सगळ्यांत ताजेतवाने निघाले होते डॉक्टर कुरणे. आणि कुरणे आता बहिणीकडे जाऊन बसलेत. फोनसुद्धा उचलत नाहीत.

"माप चुकलं असेल," अण्णा म्हणाले.

"हे माप जगभर चालतं, सर!"

"मग कुरणे चुकले."

"चेष्टा नका ना करू. रविवारी सगळ्या डॉक्टरांसमोर उभं राहून बोलायचंय मला. काय सांगू? आपण सगळे मजेत आहोत, कुरणे तेवढे माहेरी गेलेत?"

अण्णा खुसखुसले. एक बेदाणा तोंडात टाकला.

"तू स्वतः दिलीस का उत्तरं?"

"दिली."

"काय निघालं?"

"…मजेत."

"आणि आहेस?"

केतकी उसळलीच. "ते कळलं असतं तर इथे कशाला आले असते? झोप पुरत नाही. रांग संपत नाही. उठता उठता 'मॅडम, आलोच आहे तर जरा बीपी पण बघा' संपत नाही. पण हे तर सगळ्यांचंच आहे! यातला थकवा कुठला आणि रोजचं जगणं कुठलं, ओळखायचं कसं? कुरणेंना नाही ओळखता आलं. उद्या मीही अशीच…"

ओढणीला हिसका बसला. तिची चार वर्षांची जुई. बालवाडी सुटली की जुईचा मुक्काम आईच्या दवाखान्यात, पडद्याआड.

"आई, आपण कधी—"

"जुई, दोन मिनिटं!"

अण्णांनी सूप खाली ठेवलं. खुंटीवरचा स्टेथोस्कोप काढला, जुईच्या गळ्यात घातला आणि गुडघे कुरकुरत असताना तिच्यासमोर फरशीवर बसले.

"नमस्कार, डॉक्टरीणबाई."

जुईनं चौरंग ओढला. बसली. अण्णांकडे न बघता तळहातावर बोटानं काहीतरी लिहायला लागली.

"काय होतंय?"

"पोट दुखतंय हो कालपासून. म्हणजे आधी काय झालं—"

"आ करा."

"पण दुखतंय पोट."

"आ करा म्हटलं ना! सगळ्यांना आत्ताच यायचं असतं."

केतकीचे कान तापले. वाक्य तिचं. सूर तिचा. मान उडवण्याची ती लकबसुद्धा तिचीच.

"जुई, पुरे आता."

"ओ मॅडम," अण्णांनी मागे न बघता हात वर केला, "रांगेत थांबा. माझा नंबर चाललाय."

केतकी थांबली. न थांबून सांगते कुणाला.

"डॉक्टर," अण्णांनी आवाज खाली आणला, "तुमचीच तब्येत बरी दिसत नाही मला."

"मला काय धाड भरलीय?" जुई म्हणाली. "गोळ्या दोनदा घ्यायच्या. जेवून. पुढचे कोण?"

"जातो. एवढंच विचारतो… घरी लहान मुलगी आहे ना तुम्हाला?"

"आहे."

"मग तिचा नंबर कधी लागतो?"

जुईचं बोट तळहातावर थांबलं. तिनं मान वर केली. पहिल्यांदाच पेशंटच्या तोंडाकडे नीट पाहिलं.

"तिला नंबर नसतो," ती म्हणाली. "तिला थांबता येतं."