मिशीला पीळ देणारं चित्र

"बाळाप्पा, तीन दिवस देतो! आपलं संकेतस्थळ झटकन उघडलं पाहिजे. खर्च दमडीचा नाही, आणि त्यावरची एकही जोडणी तू काढायची नाहीस. जमलं नाही, तर करवंदगड सोडायचा!" विक्रांतराजे गरजले.

बाळाप्पा पूर्वी दवंडी द्यायचा. संकेतस्थळ आलं, दवंडी बंद झाली आणि संकेतस्थळाची राखण त्याच्याकडे आली. ते ज्या प्रणालीवर उभं होतं ती जगभरच्या लोकांनी मिळून बनवलेली, सगळ्यांना खुली आणि फुकट. हवी ती जोडणी, म्हणजे वरून जोडायची जादा करामत, बसवा, कुणाला विचारायला नको! दरबाराला ते फार आवडलं. दिवाणांनी नाचते मोर बसवले, सेनापतींनी तोफांचे आवाज. राजांनी स्वतःचं चित्र बसवलं, मिशीला पीळ देणारं. शेतकरी कालव्याच्या पाण्याची पाळी बघायला यायचे, तर मोर नाचून होईपर्यंत पाळी टळलेली असायची.

बाळाप्पा घरी येऊन गाठोडं बांधू लागला.

"आबा, सोडा ते," मुलगी केशर म्हणाली आणि थेट दरबारात गेली.

"महाराज, हुकूम मान्य! एकच विनंती. फुकटच्या जोडणीला अधूनमधून भोक पडतं. ते वेळेवर बुजवलं नाही, तर चोर आत शिरतो. म्हणून ज्यानं जी बसवली, त्यानं ती रोज पहाटे चारला येऊन तपासावी. आबा शिकवतील."

"यात कसला आलाय खर्च? मंजूर!"

पहिल्या पहाटे दिवाण जांभया देत आले. दुसऱ्या पहाटे सेनापती कुरकुरले, "बाळाप्पा, याच्यापेक्षा लढाई बरी!" तिसऱ्या पहाटे दिवाणांनी इकडेतिकडे बघितलं आणि गुपचूप मोर काढले. मागोमाग तोफाही गेल्या.

दरबार भरला. संकेतस्थळ जवळजवळ लगेच उघडलं.

"केशर! एकही जोडणी काढायची नव्हती!"

"आम्ही कुठे काढली, महाराज? ज्याची त्यानं काढली."

"मग अजून जरा अडतंय ते?"

"ती आपली मिशी, महाराज. तीन दिवस तिला तपासायला कुणी आलेलंच नाही. उद्या पहाटे चारला येताय ना?"

"पहाटे चारला? छे! काढून टाक ती!"

"मी कशी काढू? हुकूम आहे ना आपला!"

राजे इतके हसले, की खऱ्या मिशीचा पीळ सुटला. त्यांनी स्वतःच्या हातानं ते चित्र काढून टाकलं. बाळाप्पाची राखण कायम झाली, आणि केशरला कालव्यालगतचा मळा मिळाला.