शेठच्या मिशीची जागा

इचलकरंजीच्या रेवती हुपरेकडे टी-शर्ट छपाईची कामं वाढली, म्हणून ती हाताने चालवायचं जुनं मशीन बघायला वापरलेली मशीनं विकणाऱ्या बापूशेठकडे गेली.

"अगदी नव्यासारखं आहे ताई. बायकांना मशीनमधलं काय कळतंय?" शेठ म्हणाले.

"म्हणूनच तुम्ही छापून दाखवा."

शेठनी हौसेने स्वतःच्या वाढदिवसासाठी आणलेला कोरा टी-शर्ट लावला. लाल रंगात आपला चेहरा छापला, मग काळ्या रंगात मिशी. पण मशीनचे सांधे ढिले होते. मिशी घसरून हनुवटीवर बसली.

रेवती शांतपणे म्हणाली, "शेठ, मशीन जुनंच दिसतंय. मिशीची जागा तेवढी नवीन आहे."

शेठ पोट धरून हसले आणि आतलं चांगलं मशीन त्यांनी आपणहून दाखवलं. त्यावर मिशी नाकाखाली नीट बसली, तेव्हाच रेवतीने टेम्पो बोलावला.