शून्याचा आस

निवळी या डोंगरी राज्यावर शेजारच्या सम्राटाची खप्पामर्जी झाली आणि त्यानं खिंड बंद केली. बारा वर्षं खिळासुद्धा आत आला नाही. मग त्याचेच एक अंमलदार निवळीची प्रगती मोजायला आले! प्रगती शून्य निघाली, तर राज्य खालसा होणार होतं.

वाटेत एका गावापाशी त्यांच्या गाडीचा, दोन्ही चाकं जोडणारा लोखंडी आस मोडला. येसू सुतारणीनं बाभळीचा आस घडवून बसवला, तोवर अंमलदार गावभर हिंडले. विहिरीवर लाकडी रहाट फिरत होते, लाकडी घाण्यातून तेल गळत होतं.

परत येऊन त्यांनी येसूला विचारलं, "नवीन लोखंड किती आलं?"

"खिंड बंद आहे, सरकार."

"मग कारागिरी शून्य! तक्त्यात लाकडाला रकानाच नाही."

अंमलदार गाडीत चढायला निघाले, तशी येसू हातोडा घेऊन खाली वाकली आणि आस सोडवू लागली.

"अगं, हे काय चालवलंयस?"

"तुमच्या कागदावर जे नाही, ते तुमच्या गाडीखाली कसं राहील, सरकार? आमचं शून्य तेवढं काढून घेते. गाडी न्या खुशाल."

अंमलदारांनी समोरची बारा कोसांची खिंड पाहिली. मग लेखणी मागवली आणि लाकडाचा रकाना स्वतःच्या हातानं आखला.