रणनवऱ्यांचा खांदा

एकदा एका गावी, ऐन दसऱ्याच्या सकाळी, एक शिष्य आपल्या वृद्ध गुरूंवर चक्क संतापला. कारण ऐकाल तर म्हणाल, त्या बिचाऱ्याचे काय चुकले?

शिष्याचे नाव हंबीर रणनवरे. घराणे नामांकित. पणजोबा सुभेदार, आजोबा लढाईत कामी आलेले, वडील कॅप्टन म्हणून निवृत्त होऊन पुढे सरपंच झालेले. हंबीरला मात्र दृष्टिदोषामुळे सैन्याने दोनदा नाकारले होते. दोन वर्षांपूर्वी वडील वारले. तेव्हापासून घरच्या शस्त्रपूजेला बसण्याचा मान त्याचा होता आणि तो त्याला नकोसा झाला होता.

दसऱ्याच्या आधी तो गुरूंना म्हणाला, “गुरुजी, त्या तलवारींपुढे मी कोणत्या तोंडानं बसू? आमचं घराणं माझ्यापाशी संपलं. यंदा पूजेला तुम्हीच बसा.”

गुरुजी बरे म्हणाले. दसऱ्याला पाटावर तलवारी आणि पदके मांडली गेली, सारा गाव जमला. गुरुजी आले, आणि पूजा सुरू होणार तोच उठून थेट रस्त्यावर गेले! समोरून वामन सुताराची मुलगी प्रणाली आईवडिलांसोबत एसटी स्टँडकडे निघाली होती. ती सैन्यात भरती झाली होती आणि प्रशिक्षणाला चालली होती. गुरुजींनी वामनच्या हातून तिची लोखंडी ट्रंक घेतली आणि आपल्या खांद्यावर चढवली. वय वर्षे एक्क्याऐंशी!

हंबीर धावत आला. “अहो गुरुजी, हे काय? पूजा खोळंबलीय! चारचौघांत माझी शोभा करायची होती का?”

“मला दम लागलाय, आधी तू बोल,” गुरुजी म्हणाले. “या गावातून सैन्यात जाणाऱ्याची ट्रंक आजवर कुणी उचलली?”

“आमच्याच घराण्यानं,” हंबीर म्हणाला. सुभेदार पणजोबांपासूनची ती रीत. वडील सरपंच असतानाही प्रत्येक जवानाची ट्रंक खांद्यावर घेऊन स्टँडपर्यंत जात.

“मला बघवत नाही गुरुजी. जाणारं माणूस पाहिलं की मला नाकारलं तेच आठवतं.”

वामन हळूच म्हणाला, “गेल्या साली आमचा पुतण्या गेला, हंबीरदादा. तुमची लई वाट बघितली. त्याची आई रडतच घरी आली.”

गुरुजी म्हणाले, “बाळ, पदकं कशासाठी मिळाली, हे आज गावात कुणाला नीट सांगता येणार नाही. पण आपलं लेकरू निघालं की रणनवरे सोबत चालतात, हे इथल्या प्रत्येक आईला ठाऊक आहे. तो धीर किती मोलाचा, हे तुझ्या वाडवडिलांनी रणांगणावर जाणलं होतं. सैन्यानं तुझे डोळे तपासले. तुझा खांदा नाकारला कुणी?”

हंबीर पुढे झाला. त्याने गुरुजींच्या खांद्यावरची ट्रंक उतरवून स्वतःच्या खांद्यावर घेतली.

“दादा, जड आहे हो,” प्रणाली म्हणाली.

“असू दे. सुट्टीवर येशील तेव्हा कळव, न्यायला येईन.”

स्टँडवरून गाडी सुटली. प्रणालीच्या आईने डोळे पुसले आणि हंबीरला म्हणाली, “आता मला घोर नाही बघा.”

पूजेला त्या वर्षी उशीर झाला, दोघे-तिघे कुरकुरलेही. हंबीर शांतपणे तलवारींपुढे बसला. त्याने कुणाचीही नजर चुकवली नाही.